रकाना नसलेला खर्च

नातवाचा जुना निन्टेन्डो सध्या दुपारभर माझ्याकडेच असतो. हसू नका! 'रून फॅक्टरी' हा २००६ साली जपानात निघालेला खेळ. स्मृती हरपलेला एक तरुण गावात येतो, हाती कुदळ आणि झारी मिळते. सकाळी सलगम पेरायचे, मग गुहेत शिरून राक्षसांशी लढायचं. हरलेले राक्षस मरत नाहीत, आपल्या जगात परततात. माया लावली तर शेतावर राबायलाही येतात.

एक नियम मात्र मनाला लागला. अंगातली शक्ती संपल्यावरही कुदळ चालवत राहिलं, तर थेट प्राणच खर्ची पडू लागतो. बँकेत मी वर्षानुवर्षं पीककर्जाचे अर्ज तपासले. बियाणं, खत, मजुरी, साऱ्यांना रकाने होते. या खर्चाला नव्हता.

खेळात माल पेटीत टाकला की ठरलेला भाव मिळतो. अडत नाही, तोलाई नाही. आपल्या शेतकऱ्याला राक्षसांपेक्षा हेच अद्भुत वाटेल!

म्हणून मुलांच्या हातचा खेळ हिसकावू नका. शेजारी बसून खेळा. आणि सुट्टीत त्यांना एकदा खऱ्या बांधावर घेऊन जा.