आजाऱ्यासाठी उसनवारी : काय घ्यावे, काय टाळावे

मांडीचे हाड मोडलेल्या सासूबाईंना किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या वडिलांना रुग्णालयातून घरी आणायचे ठरले की घरात यादी सुरू होते. डोक्याकडून वर होणारी खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी, मेणकापड, डायपर. दुकानातला आकडा ऐकून छातीत धस्स होते. त्यातून यातल्या बऱ्याच वस्तू दोन-चार महिन्यांपुरत्याच लागणार असतात. मग कोणीतरी सुचवते, ‘‘विकत कशाला घेता? मंडळाकडे अनामत ठेवली की मिळते.’’ त्यावर घरातलेच दुसरे कोणी नाक मुरडते, ‘‘नको गं बाई, कोणाकोणाची वापरलेली असेल!’’

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. वापरलेली वस्तू म्हणजे धोका, असे सरसकट म्हणता येत नाही. तशी ती डोळे मिटून घ्यावी, असेही नाही. वस्तू आजाऱ्याच्या शरीराला कुठे लागते आणि दोन आजाऱ्यांच्या मधल्या काळात तिची सफाई कोणी, कशी केली, यावर सारे अवलंबून असते.

उकळण्याकडून फेकण्याकडे

जुनी वस्तू पुन्हा वापरणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, उरलेले कपडे बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांचे भांडे यायचे. दवाखान्यातही काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरली जाई. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण झालेले पहिले रुग्ण आढळले आणि पुढे ‘डिस्पोजेबल’ हा शब्द घरोघरी पोहोचला. सुईच्या बाबतीत ते योग्यच झाले. पण सुईच्या मागोमाग चादर, गाऊन, अंगाखालचे पॅड हेही एकदा वापरून टाकण्याची रीत पडली.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक आपल्या खिशातून, कारण डायपर आणि हातमोजे यांसारख्या वस्तूंचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही. दुसरी किंमत कचऱ्याची. २०१९ मध्ये आपल्या देशात रोज ६०० टनांहून अधिक जैववैद्यकीय कचरा निघत होता. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने किंवा शरीरातील स्रावाने माखलेले कापड, गाद्या आणि पॅड पिवळ्या पिशवीत जातात आणि बहुतेक वेळा भट्टीत जाळले जातात.

अमेरिकेतील व्यवस्था

अमेरिकेत यातून एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. तेथील काही कंपन्या रुग्णालयांकडून वापरलेली साधने गोळा करतात, ती धुतात, तपासतात, गरजेप्रमाणे निर्जंतुक करतात आणि नव्यापेक्षा कमी किमतीत पुन्हा विकतात. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बांधायचे पट्टे, बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे सेन्सर, रुग्णाला एका खाटेवरून दुसरीवर सरकवायच्या हवेच्या चटया अशा वस्तू त्यांत असतात. तेथील औषध प्रशासनाने २००० मध्ये या कंपन्यांना मूळ उत्पादकांचेच नियम लागू केले. २००२ च्या कायद्याने वस्तूवर ‘पुनर्प्रक्रिया केलेली’ असे छापणे आणि ती कोणी केली ते लिहिणे बंधनकारक केले. २००८ मध्ये तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने उपलब्ध माहिती तपासली, तेव्हा अशा साधनांमुळे रुग्णांचा धोका वाढल्याचे दिसले नाही. ग्राहकाचा विश्वास बसला तो या चिठ्ठीमुळे. सफाईची जबाबदारी कोणाची, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते.

जबाबदारी घेणारे कोणी नसले की काय होते, ते २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे दिसले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा टोचल्या गेल्या, हिपॅटायटिस ‘बी’ म्हणजे ‘ब’ काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले.

कातडीची कसोटी

मग कोणती वस्तू पुन्हा वापरावी? अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेली विभागणी आजही जगभरची रुग्णालये वापरतात. रक्तात किंवा शरीराच्या आत जाणारी वस्तू पूर्ण निर्जंतुक हवी. तोंड, नाक अशा आतल्या ओल्या त्वचेला लागणारी वस्तू उच्च प्रतीच्या जंतुनाशकातून काढलेली हवी. आणि न फुटलेल्या, कोरड्या कातडीला लागणारी वस्तू नीट धुऊन जंतुनाशकाने पुसली की पुरते.

म्हणजे खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, धुता येणारी गादी या वस्तू निःशंकपणे उसन्या घ्या. सुई, सिरिंज, लघवीची नळी, नाकातून घालायची अन्ननळी, ऑक्सिजनचा मास्क मात्र नवाच हवा. शेजाऱ्यांकडे शिल्लक आहे म्हणून दुसऱ्याची नळी कधीही घेऊ नये. आजाऱ्याला शय्याव्रण असेल, तर जखमेला लागणारे कापड कोणते आणि कसे असावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घेताना काय पाहाल?

रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या केंद्रांत ही वस्तू कोणी, कशाने धुतली, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या केंद्रात उत्तर तयार असते. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून ती ढकलून पाहा. वॉकरच्या चारही पायांचे रबर झिजलेले नाही ना, ते बघा. गादीचे आवरण कुठे फाटले असेल तर ती घेऊ नका, कारण आत मुरलेली ओल धुऊन निघत नाही. हवेच्या गादीवर आजारी झोपल्यावर कमरेखाली गादीच्या तळाशी तळहात उपडा न ठेवता उताणा सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये निदान इंचभर फुगलेली गादी जाणवली पाहिजे. उचलण्याची झोळी असेल तर तिची शिवण आणि पट्टे उजेडात तपासा. इंग्लंडमध्ये माणसे उचलण्याची साधने साधारणपणे दर सहा महिन्यांनी तपासून घेण्याचा १९९८ पासून नियम आहे.

घरी आणल्यावर एकदा आपणही धुवा. आधी साबण आणि पाणी, मग जंतुनाशक. मळ तसाच राहिला तर जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. ‘ब’ काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो, म्हणून रक्ताचा डाग दिसला तर हातमोजे घालूनच स्वच्छता करा.

कापडाचे काय?

डायपर आणि अंगाखालची पॅड पूर्ण सोडा, असे सांगणे शुश्रूषा करणाऱ्या बाईवर अन्याय करणारे होईल. रात्री आणि प्रवासात ती लागतातच. दिवसा मात्र मेणकापड आणि त्यावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी चांगले काम देते. रुग्णालयांच्या धुलाईत ७१ अंश सेल्सिअस पाण्यात २५ मिनिटे कपडे धुण्याची शिफारस असते. घरी कडकडीत पाणी, साबण, ऊन आणि वर इस्त्री यांवर भर द्यावा.

हीच घडी खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली आडवी घातली की दोघांनी दोन्ही कडा धरून आजाऱ्याला वर सरकवता येते. काखेत हात घालून ओढू नका. त्याने आजाऱ्याची कातडी सोलवटते आणि आपली कंबर धरते. दर दोन तासांनी कूस बदलायची असल्याने ही घडी दिवसातून कितीदा तरी उपयोगी पडते.

आजारी बरा होतो, हिंडूफिरू लागतो. काही वेळा दुर्दैवाने तसे होत नाही. खाट आणि खुर्ची मग माळ्यावर किंवा जिन्याखाली पडून राहतात. तसे करू नका. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून ती लगेच परत करा आणि मोडलेले काही असेल तर सांगा. अनामत रक्कम सोडवणे हे त्याचे एक कारण झाले. दुसऱ्या एका घरात त्या खुर्चीची वाट पाहिली जात असते, आणि त्या घरच्यांच्या दृष्टीने तिची सफाई करणारे ‘कोण जाणे कोण’ आपणच असतो.