गाडीत बसली की माउली कुठे जाते?



आळेफाट्याच्या चौकात, बेल्ह्याच्या बाजारात, आमच्या आण्याच्या पारावर हल्ली एक वाक्य वरचेवर कानी पडते. ‘दिंड्यांनी रस्ते अडवू नयेत.’ बोलणारा नास्तिक असता तर मी मनावर घेतले नसते. पण त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कपाळी बुक्का असतो, आणि पाराशेजारी उभ्या केलेल्या त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘माउली’ लिहिलेले असते. म्हणजे हे भांडण घरातले आहे. घरातले भांडण घरच्या मासिकातच मांडावे, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. बुवा सत्तरी ओलांडलेले, जुन्या वळणाचे, तेव्हा आता यंत्राला, मोटारीला, मोबाईलला शिव्या देणार असे तुम्ही धरून चालाल. ते काम करणारे पुष्कळ आहेत. सप्ताहात उभे राहायचे, समोर चार ध्वनिक्षेपक, डोक्यावर दिव्यांचा लखलखाट, कीर्तन टिपायला कॅमेरा, आणि पहिली अर्धी घटका ‘या यंत्रांनी पिढी बुडवली’ म्हणून ओरडायचे. काल्याचा प्रसाद हातावर पडतो न पडतो तोच गार हवेच्या गाडीत बसून पुढची तारीख गाठायची. दोन गावे एका रात्रीत करायची म्हटल्यावर ती गाडी कशी धावत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. या निषेधाला मी फार किंमत देत नाही.

आपल्या संप्रदायाने यंत्राला दारात कधी अडवले नाही. ज्ञानेश्वरी 1845 साली छापली गेली तेव्हा शिळाप्रेस हे त्या काळचे नवलच होते. छापली म्हणून ती घरोघर पोहोचली, पारायणे वाढली. कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइटची छोटी गाडी 1906 साली सुरू झाली. चालणाऱ्यांची वाट त्यामुळे मोडली का? ज्याला चालणे होत नव्हते त्याला दर्शन घडले, ज्याला चालायचे होते तो चालतच राहिला. पुणे-नगर ही पहिली एसटी 1 जून 1948 ला सुटली, आणि पुढे त्याच एसटीने माझ्यासारख्या कीर्तनकाराला आडगावी पोहोचवले. फाट्यावर उतरायचे, तिथे कोणाची तरी बैलगाडी न्यायला आलेली असायची, नाहीतर धोतराचा सोगा वर खोचून चालू लागायचे. एसटीचे उपकार मी जन्मभर मानीन. आणि मोबाईलवर मुंबईतली आमची लेक घरबसल्या हरिपाठ ऐकते, त्यात मला काही वावगे दिसत नाही. (चालत्या दिंडीत मात्र तो खिशात ठेवा. टाळाला दोन हात लागतात.)

फार काय, निर्जीव वाहन माउलींनीही चालवले आहे. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांचा मेळा बरोबर घेऊन आले, आणि ही चार भावंडे बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी गेली, ही कथा तुम्हांला मुखपाठ आहे. ‘सजीवावर सत्ता चालवणे सोपे, निर्जीवाला चालवले ही खरी थोरवी’ असा अर्थ आपण कीर्तनात लावतो. तो बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोघेही वाहनावरच होते. वाघावरचा दाखवायला निघाला होता आणि भिंतीवरची भेटायला निघाली होती. आता काचेवर ‘माउली’ लिहिणाऱ्याने मनाशी पडताळून पाहावे की त्याची गाडी यांतल्या कोणासारखी चालते.

वारीत आपण काय करतो ते आठवा. ओळख ना देख, जात ना वय, समोर आला त्याच्या पायांना हात लावतो. ऐंशी वर्षांचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि पोरगा त्याच्या. कोणाला हाक मारायची तर नाव लागत नाही, ‘माउली’ म्हटले की पुरते. ‘माउली, जरा सरका.’ ‘माउली, पाणी घ्या.’ धक्का लागला तरी तोंडातून तेच निघते. आता हाच माणूस घरी येतो, गाडीत बसतो, काच वर करतो. समोर डोक्यावर तुळस घेतलेली बाई रस्त्याच्या कडेने चालली आहे. याच्या तोंडून ‘माउली, जरा सरका’ निघते का? निघतो तो हॉर्न. तोही कसा, तर ऐकणाऱ्याच्या काळजाचे पाणी व्हावे असा, लांबलचक, गाणे वाजवणारा. मागच्या काचेवर माउली आणि पुढच्या काचेतून दिसते ती अडचण! पंधरा दिवसांपूर्वी जिच्या पायांवर डोके ठेवले ती बाई हीच होती. बदल झाला आहे तो एवढाच की हा बसला आहे आणि ती चालते आहे.

आमच्या आण्यात रंगदासस्वामींचा उत्सव होतो. आमटी-भाकरीचा महाप्रसाद सगळ्या मुलखात प्रसिद्ध आहे. कढयांतून आमटी शिजते आणि पंगतींवर पंगती उठतात. मुंबईला गेलेली आमची माणसे माळशेज चढून गाड्या घेऊन येतात, गाडी लांब शेतात लावतात आणि येऊन जमिनीवर मांडी घालतात. शेजारी कोण बसला हे पाहत नाहीत. भाकरी कुस्करून आमटीत कालवतात, वाढपी येईपर्यंत निमूट वाट पाहतात. पंगतीत कोणी पुढच्याला हॉर्न देत नाही. तासाभराने तीच माणसे कल्याण-नगर रस्त्याला लागली की घाटाच्या वळणावर एकमेकांना दाबू पाहतात. आमटीची चव जिभेवर असतानाच! याला मी काय म्हणू, तुम्हीच सांगा.

यावर उत्तर येते ते मला ठाऊक आहे. ‘बुवा, तुम्ही रिकामे. आम्हांला कामे आहेत. आळेफाट्याला कांद्याचा लिलाव गाठायचा, नारायणगावला टोमॅटोचे क्रेट वेळेत उतरवायचे, दुधाची गाडी थांबत नाही.’ खरे आहे. कांदेवाल्याची घाई मी समजू शकतो, त्याच्या वर्षाच्या पोटाचा प्रश्न आहे. पण मी पारावर बसून पाहतो ना! पिकअपवाला बहुधा सांभाळून घेतो, कारण त्याची आईसुद्धा याच रस्त्याच्या कडेने डोक्यावर भारा घेऊन चालते. जोरात जातो तो बहुतेक देवदर्शनालाच निघालेला असतो. एका दिवसात चार देव उरकायचे असतात.

आणि दिंडीपायी वेळ तरी किती जातो? दोनशे माणसांची दिंडी चार-चारच्या ओळींनी चालली तर पन्नास ओळी होतात. तिच्या मागोमाग दोन-तीन मिनिटे हळू गेलात की समोरचा रस्ता मोकळा दिसतो आणि ओलांडून जाता येते. चहाच्या टपरीवर आपण याहून अधिक वेळ घालवतो. उलट बाजू बघा. साठच्या वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, हा हिशेब मी नातवाकडून करून घेतला. अंधारात समोर माणूस आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन सेकंद गेले, तर तेहेतीस मीटर गेलेच. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. दिंडीची रचना तुम्हांला माहीत आहे. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागे बायका. त्यांच्याही मागे पाय दुखणारी, थकलेली, रेंगाळलेली माणसे. मागून गाडी आली तर आधी कोण सापडते?

19 नोव्हेंबर 2019. पंढरपुराहून आळंदीला निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत दिवे घाटात जेसीबी शिरला. नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास त्यात गेले. 31 ऑक्टोबर 2022. कोल्हापूरकडून कार्तिकीला निघालेल्या दिंडीत सांगोला तालुक्यातल्या जुनोणीजवळ संध्याकाळच्या वेळी मोटार घुसली, सात वारकरी गेले. डिसेंबर 2023 मध्ये शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीवर घारगावच्या बाजूला कंटेनर आला, चार गेले. घारगाव काही परमुलूख नाही. तोच नाशिक-पुणे रस्ता आपल्या आळेफाट्यावरून, नारायणगाव, मंचर, खेड करत आळंदीकडे जातो. या तिन्ही वेळी आपण काय म्हटले? ‘माउलींच्या चरणी लीन झाले.’ पंधरा दिवस हळहळलो आणि सोळाव्या दिवशी पारावर तेच वाक्य, दिंड्यांनी रस्ते अडवू नयेत!

आळेफाट्यावरून जाता-येता तुम्ही आळ्याला जाऊन आला असाल. ज्या रेड्याच्या मुखातून माउलींनी वेद वदवले त्याची समाधी तिथे आहे. साऱ्या महाराष्ट्रात जनावराच्या समाधीपुढे माणसे अशी हात जोडताना मला दुसरीकडे फारशी दिसली नाहीत. आपण दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो, आणि त्या कथेचा वेदांचा भाग तेवढा लक्षात ठेवतो. त्याआधीचा भाग आठवा. पैठणात रेड्याच्या पाठीवर चाबूक ओढला आणि वळ उठले ते माउलींच्या पाठीवर. मुक्या जनावराचा मार ज्याच्या अंगावर उमटला, त्याचे नाव आपण काचेवर लिहितो, आणि चालत्या माणसाच्या अंगाला घासून गाडी नेताना आपल्या अंगावर शहारासुद्धा येत नाही. त्या समाधीपासून महामार्ग किती लांब आहे हो?

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. 8 नोव्हेंबर 2021 ला ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, आणि त्या आराखड्यात दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरली आहे. उत्तम झाले. पण ते आषाढीचे रस्ते. तेव्हा पोलीस असतात, वाहतूक वळवतात, सगळ्या जगाचे लक्ष असते. कार्तिकात, थंडीत, पन्नास-शंभर माणसांच्या लहान दिंड्या आळंदीकडे निघतात त्यांच्यामागे कोण असते? एक पताका आणि एक शिट्टीवाला. नाशिक-पुणे रस्ता रुंद झाला, कडेची वड-चिंचेची सावली गेली, आणि चालणारा पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, खडीवर लोटला गेला. ज्या आमदार-खासदारांना आपण सप्ताहात नारळ-शाल देतो त्यांच्याकडे एकदा तरी कोणी हे मागितले आहे का? पट्टीबाहेर चार हात सपाट मुरूम हवा. त्यावर टपरी नको आणि उभा ट्रकही नको. सभामंडपाला निधी मागायला आपण मुंबईपर्यंत जातो.

आता दिंडी चालवणाऱ्या माझ्या बंधूंनो, तुमच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते गोड नाहीत. ‘पांडुरंग राखतो, दिवे कशाला’ असे तुमच्यातले काही म्हणतात. स्वयंपाकाला गॅस चालतो, मुक्कामाला जनरेटर चालतो, तंबूत पंखा चालतो, मग पाठीवर चमकणारी रेडियमची पट्टी तेवढी वारकऱ्याला न शोभणारी कशी? पुरुषांचे धोतर-सदरा पांढरा, तो दिव्यात निदान दिसतो. आमच्या आयाबहिणींची लुगडी हिरवी, जांभळी, काळपट. पहाटेच्या काळोखात त्या दिसतच नाहीत. आणि त्यांनाच तुम्ही सगळ्यांत मागे चालवता. पट्टीला किती पैसे पडतात? काल्याच्या मांडवाच्या झालरीला त्याहून अधिक जातात.

सामानाच्या टेम्पोचेही तसेच. तो सकाळी सगळ्यांच्या आधी सुटतो, मुक्कामी जाऊन चूल पेटवतो. पेटवू द्या, जेवण वेळेवर पाहिजेच. पण काकड्यानंतर दिवस उजाडेपर्यंतचा तास आणि संध्याकाळी दिवे लागल्यापासून मुक्कामापर्यंतची वाट, एवढ्या वेळेपुरते एक तरी वाहन शेवटच्या ओळीमागे, लाल-पिवळे दिवे लुकलुकत ठेवून, पावलापावलाने चालले पाहिजे. आपल्या पठारावरच्या ज्या घरांपुढे गाड्या उभ्या आहेत त्यांनी पाळी लावावी, एका दिवशी एक गाडी. दिंडीला पाच पोती गहू देण्याइतकीच ही सेवा आहे, आणि चालणे न होणाऱ्या गुडघेदुख्यांना ती सहज जमते. माझेही गुडघे गेले आहेत. मला गाडी चालवता येत नाही, पण शेजारच्या आसनावर बसून मागून येणाऱ्यांना हात करून थांबवता येते.

कार्तिक वद्य एकादशीच्या आधी आण्यातून, बेल्ह्यातून, पठारावरच्या वाड्यावस्त्यांतून माणसे निघतील. पाळीची यादी आमच्या मंदिरात फळ्यावर खडूने लिहिणार आहे. ज्यांच्या काचेवर ‘माउली’ आहे त्यांची नावे आधी घेईन म्हणतो.