बक्षिसी नव्हे, वेतन

इंडोनेशियात शिक्षकाला ‘गुरू’च म्हणतात, परंतु २००५ च्या शिक्षक कायद्याने या गुरूंचे दोन वर्ण पाडले. प्रमाणपत्रधारकास मूळ वेतनाइतका भत्ता मिळाला. त्याच शाळेत तेच धडे शिकवणारा, प्रमाणपत्र नसलेला हंगामी शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबत राहिला. पुढे २०२२ मध्ये नव्या शिक्षण विधेयकाच्या मसुद्यातून भत्त्याचे कलमच वगळले गेले आणि शिक्षक संघटनेला विरोधात उभे राहावे लागले. भत्त्यामुळे मुलांची प्रगती वाढली नाही, हा २०१८ चा अभ्यास काटकसरवाल्यांच्या हाती आयताच आला. शिक्षकांची आर्थिक विवंचना व जोडधंदे घटले, हा त्याच अभ्यासातील निष्कर्ष मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीने येते, मर्जीने जाते आणि घेणाऱ्यांत फूट पाडते. म्हणून भत्ता वाचवण्यापुरता लढा अपुरा आहे. समान कामाला समान वेतन, हीच शिक्षकांची मागणी असली पाहिजे.