विश्लेषण : रोज फिरायला जाऊनही तोल का जातो? ज्येष्ठांना कोणता व्यायाम हवा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली केली. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार त्यात मोफत मिळतात. म्हणजे आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेची सोय आहे. त्या पडूच नयेत यासाठी जो व्यायाम लागतो, तो मात्र रुग्णालयात दाखल होऊन करायचा नसतो. त्यामुळे तो या योजनेत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे.

चालणे पुरेसे का नाही?

‘बाबा रोज तासभर चालतात, त्यांना काय होतंय?’ हा घरोघरीचा समज. चालणे हृदयाला आणि मधुमेहाला चांगलेच. पण सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षा फारशी होत नाही. माणूस पडतो तो ओल्या फरशीवर वळताना, बसच्या पायरीवरून उतरताना, रात्री अंधारात उठताना. डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे स्नायू-सांधे यांच्याकडून मेंदूला मिळणाऱ्या संदेशांवर तोल टिकतो. वयाबरोबर हे संदेश मंदावतात, मांड्यांची ताकदही घटते. दोन्ही सरावाने सुधारतात, अगदी ऐंशीनंतरही.

पुरावा काय सांगतो?

वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ने २०१९ मध्ये १०८ चाचण्या तपासल्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले; तोल आणि ताकद दोन्हींचा सराव केला तेथे सुमारे ३४ टक्क्यांनी. नुसत्या चालण्याबाबत असा ठाम निष्कर्ष निघाला नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना असा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस सुचवते.

सराव कसा असतो?

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेला कार्यक्रम यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात यंत्रे नाहीत. हात न टेकता खुर्चीतून उठणे, टाचेला पंजा लावून एका रेषेत चालणे, एका पायावर उभे राहणे, घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, एवढेच. सुरुवातीला ओट्याचा आधार दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग सोडून. ही चढती पायरी महत्त्वाची. सोपे वाटू लागलेला व्यायाम तसाच चालू ठेवला तर तोल सुधारत नाही.

घरच्यांचे ‘बसून राहा, पडाल’ हे प्रेमापोटीचे बोलणे इथे उलटे पडते : बसून राहिल्याने पाय आणखी कमजोर होतात. मात्र चक्कर येत असेल, पार्किन्सन असेल किंवा नुकतेच हाड मोडले असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. पहिले काही आठवडे शेजारी कोणीतरी उभे असावे.