माप पायाचे, मोल कोणाचे?

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत पाय ठेवायला जागा उरत नाही. नवरदेव येतो, सोबत मामा, मेव्हणे आणि दोन-चार मित्र येतात. तयार जोड पायात घालून पाहणारे बरेच असतात. पण ज्याला खास चप्पल हवी असते तो माप देतो. कागदावर पाय ठेवतो, कारागीर भोवतीने पेन्सिल फिरवतो, पंजाची रुंदी आणि चवड्याची उंची पाहतो आणि मग निवड सुरू होते. कापशी घ्यायची की साधे पायताण? कान मोठे की छोटे? पट्ट्यावर वेणी किती पदरी? तळ किती थरांचा? गोंडा हवा की नको? चालताना करकर वाजली पाहिजे की नाही? साहेबी दुनियेत उंची बूट ऑर्डर देऊन घडवतात. आमच्या मातीत त्याच मानाची पादत्राणे म्हणजे मापाची कोल्हापुरी. फेटा-धोतरावर ती शोभते आणि आता सुटावरही तिला नाके मुरडली जात नाहीत.

अशा निवडीत दोन गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. पहिली व्यवहाराची. ज्याला रोज वापरायची आहे त्याने नक्षीपेक्षा तळ पाहावा. खरी कोल्हापुरी खिळ्यांवर उभी राहत नाही, ती चामड्याच्या वादीने शिवलेली असते. तळाला म्हशीचे जाड कातडे आणि वेणीसाठी शेळीचे मऊ कातडे वापरतात. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याचा रंग सुरुवातीला फिका असतो आणि वापराने गडद होत जातो. म्हणून दुकानातल्या चकचकीत रंगावर भाळू नये. नवी चप्पल पहिले काही दिवस पाय धरते, तिला तेल पाजावे लागते, आणि पावसाळ्यात ती बाहेर काढू नये. एवढे जाणून जो माप देतो त्याची चप्पल वर्षानुवर्षे टिकते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ग्राहक घरी जाऊन अभिमानाने सांगतो, ‘ही डिझाइन मी निवडली.’ खरे आहे. पण ज्यांतून त्याने निवड केली ते प्रकार कोणी निर्माण केले? कापशी हे नाव कागल तालुक्यातील गावाचे. चपलेला गावाचे नाव मिळाले, शहराचे नाव मिळाले, दुकानदाराचे नाव मिळाले. ज्याने पहिल्यांदा कान कापला, ज्या बाईने पहिल्यांदा वेणी घातली, त्यांचे नाव मात्र कोठेही नाही! शेकडो वर्षे आरी आणि रापी चालवणारा हात बिननावाचा राहिला, हा काही योगायोग नव्हे. ज्या समाजाला माणूस म्हणूनच मोजले नाही, त्याला कलावंत म्हणून कोण मोजणार?

लंडनमध्ये ऑर्डरचे बूट घडवणाऱ्या जुन्या पेढ्या आहेत. तेथे ग्राहकाच्या पायाचा लाकडी साचा करतात आणि पुढच्या जोडासाठी तो जपून ठेवतात. ग्राहक बंद नाडीचा ऑक्सफर्ड निवडतो, मोकळ्या नाडीचा डर्बी निवडतो किंवा छिद्रांची नक्षी असलेला ब्रोग निवडतो. बुटाच्या आत घडवणाऱ्या पेढीचे नाव अभिमानाने छापलेले असते. गंमत अशी की हा ब्रोग मुळात आयर्लंड-स्कॉटलंडच्या ओल्या रानात राबणाऱ्या गरिबांचा जोडा. पुढे तोच सभ्य गृहस्थांच्या पायात गेला. म्हणजे श्रमिकांच्या पायातली वस्तू श्रीमंतांच्या पायात जाणे हे जगभर घडत आले आहे. प्रश्न एवढाच की ती जाताना घडवणाऱ्याला काय देऊन जाते?

या प्रश्नाचे उत्तर 2025 साली आपण सर्वांनी पाहिले. जून महिन्यात इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले. त्यात कोल्हापुरीसारख्या चपला होत्या. नाव मात्र फक्त ‘चामडी सँडल’. कोल्हापूरचा उल्लेख नाही, कारागिराचा तर नाहीच. महाराष्ट्रातून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले आणि मग कंपनीने मान्य केले की ही रचना भारतीय हस्तकलेवरून घेतलेली आहे. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर यांच्याशी करार झाला. दोन्ही राज्यांत मिळून सुमारे 2,000 जोड तयार होणार आणि एकेक जोड सुमारे 800 युरोंना विकला जाणार, असे जाहीर झाले.

आता हिशेब मांडू या. 2,000 जोड गुणिले 800 युरो म्हणजे 16 लाख युरो. एक युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम 16 कोटी रुपये होते. एक जोड 80,000 रुपयांना! कोल्हापुरात हाताने शिवलेला चांगला जोड काही हजारांत मिळतो आणि तेथेही गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करते. मग या 80,000 पैकी रापी चालवणाऱ्याच्या हातात किती पडणार? वेणी घालणाऱ्या बाईला किती? करार महामंडळाने केला आहे, आणि महामंडळ ही चर्मकारांच्या नावाने उभी असलेली सार्वजनिक संस्था आहे. तेव्हा हा आकडा जाहीर मांडला गेला पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार प्रत्येक कारागिराला आहे.

‘आमचा वारसा चोरला हो!’ म्हणून त्या वेळी मोठा गळा काढणारे अनेक होते. त्यांना आम्ही विचारतो, वारसा तुमचा कधीपासून झाला? चप्पल पायात घालताना ती तुमची, आणि कातडे सोलताना, चुन्यात भिजवताना, त्याचा वास अंगावर घेताना ती आमची? मेलेले जनावर ओढायचे महार-मातंगांनी, कातडे कमवायचे ढोर-कक्कय्या समाजाने, चप्पल शिवायची चर्मकाराने. आणि याच माणसांनी गावच्या वरच्या आळीतून जाताना पायातले काढून हातात घ्यायचे! जो साऱ्या गावाला पायताण पुरवतो त्यानेच अनवाणी चालायचे, हा कोणता वारसा? 2016 साली गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात फटके मारले गेले. तेव्हा वारशाचे हे रखवालदार कोठे होते? 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीच्या कातड्याला ती लागू नाही. तरीही कातड्याची गाडी रस्त्यावरून नेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. चपलेवर प्रेम आणि चामड्याचा द्वेष, हा ढोंगीपणा आता पुरे झाला.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. अथणी आणि निपाणीचे कारागीरही त्यात येतात. सीमावादाच्या आरोळ्या वर चालू असताना खाली दोन्हीकडचा चर्मकार एकच काम करतो आणि एकच अवहेलना सोसतो. मानांकनाची नोंदणी या दोन महामंडळांच्या नावावर आहे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली तेव्हा जुलै 2025 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने यावे, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे कायद्याच्या नजरेत चपलेची मालक महामंडळे आहेत. मग त्या महामंडळांत शिवणाऱ्या हातांचा आवाज किती, हाच खरा प्रश्न उरतो.

आमच्यातच काहीजण म्हणतात, ‘हा धंदा सोडून द्या, बाबासाहेबांनी हेच सांगितले.’ त्यांच्या तळमळीचा आम्ही आदर करतो. मेलेली ढोरे ओढण्याचे लादलेले काम सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले ते माणुसकीसाठी. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, कारण पोशाखावरून जात ओळखली जात होती. स्वतः ते उत्तम शिवलेला सूट आणि चांगले बूट वापरत. काय घालायचे आणि काय करायचे हे जातीने ठरवू नये, माणसाने ठरवावे, हा त्याचा अर्थ. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. चर्मकाराच्या मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर त्याच्या वाटेत आरी येता कामा नये. आणि त्याला उत्तम चप्पल घडवायची असेल तर त्याच्या वाटेत जात येता कामा नये. हे काम इतके प्रतिष्ठेचे आणि मिळकतीचे व्हावे की कोणत्याही जातीच्या मुलाने ते शिकायला यावे. तो दिवस येईल तेव्हा धंदा राहील आणि जातीचा शिक्का जाईल.

राजर्षी शाहूंच्या या नगरीत ही मागणी नवी नाही. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या. 1920 च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना समाजाचे नेते म्हणून पुढे केले. त्या भूमीतला कारागीर जगाच्या बाजारात बिननावाचा राहावा हे लांच्छन आहे.

तेव्हा करायचे काय? महामंडळाने 2025 मध्ये चपलेवर क्यूआर कोड आणला. त्यातून कारागिराचे किंवा उत्पादन केंद्राचे नाव कळते. पाऊल योग्य आहे. मात्र या ‘किंवा’ मध्येच खरी मेख आहे! केंद्राच्या मालकाचे नाव येईल आणि शिवणारा पुन्हा अंधारात राहील. म्हणून कारागिराचे नाव बंधनकारक करा, वेणी घालणाऱ्या स्त्रीचेही करा. परदेशी कंपनीच्या जोडावरही ते असले पाहिजे. विक्रीतला ठराविक वाटा कारागिरांना मिळावा. चर्मकार तरुण-तरुणींना केवळ शिवण्याचे नव्हे, तर रचना, हिशेब आणि निर्यातीचेही शिक्षण द्या.

आणि ग्राहकांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. पुढच्या वेळी कोल्हापुरात माप द्याल तेव्हा कान, पट्टा, गोंडा जरूर निवडा. पण त्याबरोबर विचारा, ‘ही शिवणार कोण?’ त्याचे नाव बिलावर लिहून घ्या, आगाऊ रक्कम द्या आणि शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नका. पायाचे माप घेणारा माणूस तुमच्यासमोर खाली वाकतो, तो कामापुरता. काम झाले की त्याला ताठ उभे राहता आले पाहिजे.