‘इंडियाकडून खेळला का?’

कुणी क्रिकेटर आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘इंडियाकडून खेळला का?’ ‘नाही’ म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. ‘एक मॅच’ म्हटलं तर आणखीच पडतो. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्यानं तर्री-पोहे खाताना विदर्भाच्या फैज फजलचं नाव ऐकून हेच विचारलं. एकच मॅच म्हटल्यावर गडी म्हणाला, ‘अरेरे!’ पोहे मलाच ठसकले.

मी तीस वर्षं नागपुरात गुझदर लीगचा स्कोअर लिहिला. आठवडाभर वीज मंडळात टेबल, सुटीच्या दिवशी बाउंड्रीबाहेर टेबल. प्रत्येक बोलरला वेगळ्या रंगाची रिफिल, त्यामुळे खिशाला कायम हिरवा-लाल डाग. त्या टेबलावरून सांगतो, ‘अरेरे’ म्हणण्यासारखं त्यात काही नाही.

15 जून 2016, हरारे. इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळणाऱ्या फैजला तिशी उलटल्यावर बोलावणं आलं होतं. झिम्बाब्वे 123 वर आटोपलं. राहुल नाबाद 63, फैज नाबाद 55, भारत दहा विकेट्सनी जिंकला. पुन्हा निळी जर्सी मिळाली नाही. बादच न झाल्यामुळे त्याची वनडेतली सरासरी काढता येत नाही. त्या रकान्यात आजही नुसती आडवी रेघ आहे. आकडे जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती फार छळते.

पण ती दुपार म्हणजे त्याची नोकरी नव्हे. नोकरी 2003 साली नागपुरात सुरू झाली, पहिल्याच रणजी सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध 151 धावा करून. विदर्भाला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. मध्ये तो रेल्वेकडून खेळला, राजस्थान रॉयल्सकडे जाऊन आला, पुन्हा घरी परतला. नऊ हजारांवर धावा, चोवीस शतकं. 2017-18 मध्ये कॅप्टन म्हणून 912 धावा केल्या आणि इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला हरवून विदर्भानं पहिली रणजी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा.

डावखुरा ओपनर. डिसेंबरच्या सकाळी खेळपट्टी ओलसर, बॉल नवा. ऑफ स्टंपबाहेरचा बॉल आला की पाय पुढे, बॅट उचलून खांद्यामागे, नजर थेट कीपरच्या ग्लव्हजपर्यंत. सोडला. पुढचाही सोडला. स्कोअरबुकात सोडलेल्या बॉलला वेगळी खूण नसते. चकला तरी ठिपका, सोडला तरी ठिपका. असे सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढला की मेडन झाली. असे एम बोलरच्या खात्यात जमा होतात, सोडणाऱ्याच्या खात्यात काहीच नाही. लंचनंतर कुणी दुसराच कव्हर ड्राइव्ह मारतो आणि पेपरात फोटो त्याचा येतो. (हा पेपरही त्याला अपवाद नाही, संपादकांनी रागावू नये.)

पोटापाण्याचंही बोलू. आज रणजीत पहिले वीस सामने होईपर्यंत दिवसाला 40 हजार, चाळिसाच्या पुढे गेल्यावर 60 हजार. रक्कम लहान नाही, पण ती अकरात नाव असेल तेव्हाची. साखळीचे सात सामने, चार-चार दिवसांचे, सगळे खेळला तर नवख्याच्या हाती सव्वाअकरा लाखांच्या आत. आयपीएलच्या 2025 च्या लिलावात सर्वांत कमी बोली 30 लाखांपासून. आणि बोट मोडून अकरातून बाहेर पडला की रणजीवाल्याच्या हाती तेवढेही येत नाहीत.

म्हणून हे लोक राज्य बदलत फिरतात. आपल्याकडे बाहेरून आले की ‘प्रोफेशनल’, म्हणजे पाहुणे. आमच्या पोरांच्या जागा खातात, असं नागपुरात नेहमी ऐकू येतं. मीही म्हणायचो. मग बाहेरून आलेल्या चाळिशीतल्या वसीम जाफरनं 2018 च्या इराणी ट्रॉफीत विदर्भाकडून जामठ्याच्या स्टेडियमवर 286 काढल्या आणि माझं तोंड बंद झालं. दुसऱ्या टोकाला आमची पोरं बाहेर खपताना बघून तक्रारही राहिली नाही. 2019 च्या रणजी फायनलमध्ये याच जामठ्यावर अकरा विकेट्स घेऊन, पुजाराला दोन्ही डावांत उडवून विदर्भाला कप देणारा आदित्य सरवटे 2025 ची फायनल तिथेच खेळला. केरळकडून. विदर्भाविरुद्ध 79 धावा काढल्या. आणि आमच्याकडून शतक ठोकून, मोसमातली सगळी शतकं मोजायला नऊ बोटं दाखवणारा करुण नायर कर्नाटकचा. कसोटीत त्रिशतक करूनही बाहेर फेकला गेलेला हा माणूस आमच्याकडे धावा काढून आठ वर्षांनी भारताच्या कसोटी संघात परतला, मग आपल्या राज्यात निघून गेला. जावं की! सुतार एका घराचं काम संपवून दुसरीकडे जातो, त्याला कुणी गद्दार म्हणत नाही.

माझी तक्रार आपल्याशी आहे. भारताचा सामना असला की वर्धा रोडवर गाड्यांची रांग लागते, तिकिटासाठी वशिले लावले जातात. विदर्भ तीनदा रणजी जिंकला, पण संघातली पाच नावं पटापट सांगणारा नागपूरकर मला फार क्वचित भेटतो. क्रिकेट संघटनेला म्हणणं एवढंच: सेमीफायनल-फायनल जामठ्याला नेऊ नका, जुन्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर घ्या. 2006 पर्यंत तिथे कसोट्या झाल्या, रणजीला जागा पुरते. कोर्टातला वकील, कलेक्टर कचेरीतला बाबू, हिस्लॉप कॉलेजची पोरं जेवणाच्या सुटीत तासभर टेकतील. जामठ्याला जायचं तर रजा टाकावी लागते.

फैजनं फेब्रुवारी 2024 मध्ये शेवटचा सामना नागपुरातच खेळला. मी भाच्याला म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात ये, सकाळी साडेनऊला माझ्या शेजारी बस आणि एक तास फक्त ठिपके काढ. तो म्हणाला, एक तास?

हिरवी रिफिल आणून ठेवली आहे.