टरफलं मागे राहतात, त्यांचं काय?

इथे ग्लासगोत आपण सोललेली, गोठवलेली कोळंबी घरी आणतो. तिची डोकी आणि टरफलं मात्र सोललेल्या किनाऱ्यावरच राहतात. अख्ख्या कोळंबीच्या वजनाचा जवळपास 40 टक्के भाग! रत्नागिरीकडच्या मंडळींना त्या ढिगाऱ्याचा वास वेगळा सांगायला नको.

पण हा नुसता कचरा नव्हे. त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे आणि अ‍ॅस्टाझॅन्थिन हे तांबूस रंगद्रव्यही. समुद्रातल्या सॅल्मनला गुलाबी रंग त्यानेच येतो. स्कॉटलंडच्या पिंजऱ्यांतल्या सॅल्मनला ते खाद्यातून द्यावं लागतं.

अर्थात टरफलातलं कायटिन बऱ्याच माशांना नीट पचत नाही, म्हणून भुकटी बेतानेच घालायची. आणि कच्ची टरफलं कोळंबीच्या तळ्यात टाकणं म्हणजे व्हाइट स्पॉट रोगाला आमंत्रण.

तेव्हा टरफलं ताजी असतानाच वेगळी काढून, शिजवून, वाळवायला हवीत. हे काम सोलणाऱ्या बायकांच्या बचतगटांना मिळालं पाहिजे. गावच्या देवळाला आपण देणगी पाठवतोच. एकदा वाळवणी यंत्रासाठीही पाठवू या की!